परक्या हातची पेंढी

बेर्शेबात बेला वरसुलकरला पहिल्यांदा भीती वाटली ती आढ्यातल्या एका कडीची.

माअबारातून, म्हणजे नव्या ज्यू देशात येणाऱ्या लोकांच्या पत्र्याच्या छावणीतून, सुटका होऊन तिला आणि तिच्या नवऱ्याला, रूवेनला, गावातल्या, लढाईत निघून गेलेल्या अरबांच्या जुन्या दगडी घरात एक खोली मिळाली होती. जाड भिंती, भिंतीत कोनाडा, कोनाड्यावर दिव्याच्या काजळीचा लांबट डाग. आणि छताच्या मधोमध लोखंडी कडी. रूवेन म्हणाला, कंदील टांगायची असेल. बेलाने मान वर करून नीट पाहिलं. कडीचा आतला भाग घासून घासून लख्ख झाला होता. टांगून ठेवलेल्या कंदिलाने लोखंड असं झिजत नाही. ते झिजतं रोज हलणाऱ्या वजनाने. तिथं पाळणा होता.

बेला तेव्हा पोटुशी होती. पुढे ओरना जन्मली तेव्हा रूवेनने कुठून तरी बळकट दोर आणला. बेलाने तो त्या कडीला बांधू दिला नाही. पोर जमिनीवर गोधडीत वाढली. का, ते बेलाला धड सांगता येईना. ती एवढंच म्हणाली, "दुसऱ्याच्या जागेवर नको."

रूवेन पुण्याजवळ खडकीच्या वर्कशॉपात फिटर होता. इथं त्याला बसच्या गॅरेजात काम मिळालं. बेलाचे वडील पुण्याच्या शेतकी कॉलेजात गव्हाच्या वाफ्यांवर असिस्टंट होते. खपली, बन्सी, बक्षी ही नावं तिच्या कानावर पडली ती घरातल्या काका-मामांच्या नावांसारखी. कॉलेजात बॉटनी घेऊन ती बी.एस्सी. झाली, पण खरं शिकली ती वडिलांच्या शेजारी उकिडवं बसून. गव्हाच्या फुलाचं तोंड कातरायचं, चिमट्याने आतले तिन्ही पुंकेसर पिकायच्या आत अलगद काढायचे, ओंबीला कागदी पिशवी घालायची, आणि दोन-तीन दिवसांनी दुसऱ्या झाडाचा पराग वर शिंपडायचा. म्हणजे झाला संकर. दिसायला सोपं, पण हात जड असेल तर फूल मरतं.

बेर्शेबाच्या ईशान्येला, जिथून हेब्रोनचे डोंगर निळसर दिसतात, तिथं सरकारी गव्हाच्या प्रयोगाचं शेत होतं. पन्नास साली, तिथल्या हिवाळी पावसाआधी, बेला तिथं लागली. शेताचा प्रमुख आमोस नावाचा इथंच जन्मलेला, तिशीतला माणूस होता. उंच, उन्हाने रापलेला, बोलायला कमी. बेलाला सुरुवातीला त्याच्याशी बोलताना अवघडायला व्हायचं, कारण हिब्रूत 'अहो' नाहीच. साहेबालाही 'तू' म्हणायचं. पण आमोसने तिचा चिमट्याचा हात पाहिला आणि त्या दिवसापासून संकराचं सगळं काम तिच्याकडे दिलं. ओरनाला शेजारच्या बगदादच्या म्हातारीकडे ठेवून ती रोज सकाळच्या ट्रकने शेतावर जायची.

तो हंगाम भयंकर कोरडा गेला. पेरणीनंतर एक बऱ्यापैकी पाऊस झाला आणि मग आभाळाने पाठ फिरवली. गहू पोटरीत आला तोवर जमिनीला भेगा होत्या. कसाबसा निसवून ओंब्या बाहेर पडल्या, दाण्यात चीक भरू लागला, आणि तेवढ्यात शरव सुरू झाला. शरव म्हणजे वाळवंटाकडून येणारा गरम वारा. तो अंगाला लागत नाही, अंगातून जातो. तीन-चार दिवसांत इटलीचा वाण, ऑस्ट्रेलियाचा वाण, ज्याच्यावर आमोसची सगळी भिस्त होती तो वाण, सगळे पांढरे पडले. ओंब्या उभ्या, आणि हातावर चोळल्या तर दाण्याच्या नावाने नुसती सालपटं.

आमोस दिवसभर वाफ्यांमधून हिंडला. संध्याकाळी तो बेलाला म्हणाला की डोंगराच्या पायथ्याशी एक अरब गाव आहे, तिथली शेतं त्याला आठवतात. अठ्ठेचाळीसच्या लढाईनंतर गावात आता कुणी नाही, पण सांडलेल्या दाण्यातून गहू आपोआप उगवत असणार. त्या लोकांचा जुना वाण होता, कित्येक पिढ्या कोरडवाहू जमिनीत पेरलेला. असल्या वर्षात तो जगला असेल, तर त्याच्या बियात काहीतरी आहे. ते आपल्याला हवं.

दुसऱ्या दिवशी दोघं जीपने गेले. नकाशावर त्या गावाच्या नावावर 'उद्ध्वस्त' असा जांभळ्या शाईचा शिक्का होता. आमोसने रस्त्याच्या वळणावर गाडी थांबवली, बंदूक मांडीवर घेतली आणि म्हणाला, "मी इथंच थांबतो. तू जाऊन ये. उशीर करू नकोस." बेलाला वाटलं, राखणीसाठी थांबला असेल. सीमा तिथून फार लांब नव्हती.

ती एकटी चढून गेली. घरांची छपरं खचली होती. दारांच्या चौकटी कुणी तरी काढून नेल्या होत्या, म्हणून प्रत्येक घर आ वासून बघतंय असं वाटत होतं. घरांच्या मागे उतरंडीवर काट्यांचं रान माजलेलं, आणि त्या काट्यांत गहू होता. गुडघ्याएवढा, विरळ, पण ओंब्या भरलेल्या. तिने एक चोळली. दाणा कडक, काचेसारखा, आपल्या बन्सीच्या जातकुळीतला. वडिलांनी तो दातांखाली चावून पाहिला असता. तिने तेच केलं, आणि त्या उन्हात तिला हसू आलं.

ती ओंब्या खुडू लागली. खुडत खुडत अंजिराच्या झाडाशी आली तेव्हा तिच्या लक्षात आलं की पुढचा तुकडा कापलेला आहे. विळ्याने, बुडापासून, नेटका. झाडाच्या सावलीत एक पेंढी ठेवलेली होती. निवडून निवडून कापलेली असावी, कारण त्या ओंब्या शेतातल्या कुठल्याही ओंब्यांपेक्षा भरदार होत्या. फुलाफुलांच्या कापडाची पट्टी फाडून ती बांधली होती. पेंढीजवळ मातीची सुरई. सुरई बाहेरून ओली होती.

बेला उभी राहिली. कुठं पान हलत नव्हतं. आणि मग खोकला ऐकू आला. झाडापलीकडे जमिनीत दगडी तोंडाचा पाण्याचा हौद होता, त्या बाजूने. लहान, बारीक खोकला. सुरू झाला आणि अर्ध्यावर थांबला, कुणी तोंडावर हात दाबावा तसा.

खाली आमोसने हॉर्न वाजवला.

बेलाने काय केलं ते तिने पुढं वर्षानुवर्षं मनात उलटसुलट करून पाहिलं. तिने पेंढी उचलली. पळाली नाही, मागे वळूनही पाहिलं नाही. पेंढी छातीशी धरून ती सरळ उतरून आली. पाठीवर कुणाची तरी नजर आहे हे तिला उन्हासारखं स्पष्ट कळत होतं.

आमोसने पेंढीकडे पाहिलं, विळ्याने कापलेल्या ताटांकडे पाहिलं, कापडाच्या पट्टीकडे पाहिलं. बेला म्हणाली, "उभं होतं ते घेतलं." त्याने गाडी सुरू केली.

पुढच्या हंगामात त्या पेंढीतली एकेक ओंबी एकेका ओळीत पेरली गेली. प्रत्येक ओळ वेगळी निघाली. कुणाची कुसळं काळी, कुणाची भुरी. काही झाडं लवकर निसवून वारा यायच्या आत मोकळी व्हायची. काहींच्या पानांवर द्राक्षावर असते तशी निळसर पांढरी लव, ऊन तिच्यावरून घसरून जायचं. काही वरून वाळलेली दिसायची, पण आपल्याच ताटात साठवलेलं सत्त्व ओंबीत ओतून दाणा भरायची. उष्ण वारा सोसायची प्रत्येकाची रीत निराळी. आमोस हरखला होता. एका पेंढीत त्याला चाळीस वर्षांचं काम दिसत होतं.

बेला मात्र त्या ओळींत बसली की अस्वस्थ व्हायची. एप्रिलच्या एका दुपारी, दाणा चिकात असताना, वारा पडलेला, मजूर सावलीला गेलेले, आणि ती खाली वाकून पिशव्या तपासत असताना तिने तो आवाज ऐकला. अर्धा खोकला. तिने झटकन मान वर केली. ओळी निश्चल होत्या. तिने मजुरांना विचारलं, कुणाला खोकला झालाय का? कुणालाच नव्हता.

मग तो दरवर्षी यायचा. थंडीत नाही, पेरणीत नाही. गहू चिकात आला आणि उन्हाने कान बंद झाल्यासारखे झाले की मगच, आणि नेहमी पाठीमागून. बेला शिकलेली होती. उन्हात माणसाला काय काय ऐकू येतं हे तिला ठाऊक होतं. तरी तिने त्या ओळींच्या टोकाला पाण्याचं मडकं झाकून ठेवायला सुरुवात केली. मजुरांना वाटलं, आपल्यासाठी. संध्याकाळी मडक्यातलं पाणी कमी झालेलं असायचं. मजूर प्यायले असतील, पाखरांनी झाकण ढकललं असेल, उन्हाने आटलं असेल. ती विचारायची नाही.

कापडाची ती पट्टी तिने फेकली नव्हती. शिवणाच्या डब्यात, रिळांखाली ठेवली होती. ओरना तीन वर्षांची असताना तिला ती सापडली आणि तिने बाहुलीच्या डोक्याला बांधली. बेलाने बाहुली हिसकावली, पट्टी ओढून काढली आणि मुलीला मारलं. आयुष्यात पहिल्यांदाच. ओरना रडली नाही, नुसती बघत राहिली. रूवेन दारात उभा होता.

 थोड्या दिवसांनी मुंबईहून त्याच्या बहिणीने पाठवलेले पोहे आले, तेव्हा तो म्हणाला, "बेला, आपण मलिदा करू. एलियाहू हानाबीचं नाव घेऊ. तुला काहीतरी धरून बसलंय." महाराष्ट्रातून आलेल्या दोन-तीन ज्यू घरांतली माणसं आली. संकटात धावून येणाऱ्या प्रेषित एलियाहूच्या नावाने मांडलेल्या ताटात गूळ-खोबरं घातलेले पोहे, वर मिळतील ती फळं. प्रार्थना झाली, फळांवरचे आशीर्वाद म्हणून झाले. सगळ्यांनी खाल्लं. बेलाने घास तोंडाशी नेला आणि परत ताटात ठेवला.

माणसं गेल्यावर तिने रूवेनला सगळं सांगितलं. कडीपासून खोकल्यापर्यंत.  रूवेनने तिची समजूत घालायचा प्रयत्न केला. तो धार्मिक माणूस होता, शनिवारी, शब्बाथला, धर्मग्रंथाचं वाचन कधी चुकवायचा नाही. तो म्हणाला की कापणीत शेतात विसरलेली पेंढी मालकाने परत आणायला जायचं नाही असा आपला नियमच आहे. ती परक्याची, पोरक्याची, विधवेची. "आणि त्या गावात तू परकीच होतीस की. तुझा हक्क होता म्हण."

"विसरलेली नव्हती," बेला म्हणाली. "ठेवलेली होती."

 रूवेन म्हणाला, "मग परत कर."

"कुणाला?"

 पण त्याचं ते 'परत कर' तिच्या डोक्यात राहिलं. त्या वर्षीच्या कापणीनंतर तिने त्या ओळींतलं चांगलं टपोरं बी एका गोणपाटाच्या पिशवीत भरलं आणि आमोसला सांगितलं की आणखी ओंब्या गोळा करायला त्या गावी पुन्हा जायला हवं. आमोसने पिशवीकडे पाहिलं. तो तिला घेऊन पुन्हा गेला आणि पुन्हा त्याच वळणावर थांबला.

गाव नव्हतं. घरं पाडून सपाट केली होती, काटेरान जाळलेलं होतं. अंजिराचं झाड एका बाजूने होरपळलं होतं, दुसऱ्या बाजूने हिरवं होतं. बेला हौदाकडे गेली. हौदाचं तोंड दगडांनी बुजवलं होतं. मोठे दगड, घरांच्या भिंतींचेच, गच्च भरलेले. सीमेपलीकडून येणाऱ्यांना पाणी मिळू नये म्हणून अशा विहिरी आणि हौद बुजवतात, असं तिने कुणाकडून तरी ऐकलं होतं. त्या वेळी ते तिला नुसत्या बातमीसारखं वाटलं होतं. आता ती त्या दगडांपुढे उभी होती.

बुजवायच्या आधी आत कुणी डोकावलं असेल का?

ती गुडघ्यांवर बसली. दगडांच्या फटीशी तोंड नेऊन तिने हाक मारली. पण कोणत्या भाषेत मारायची हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून ती नुसती "ए बाळा" म्हणाली, मराठीत. आतून थंड हवा आली. पिशवी अंजिराच्या खोडाशी ठेवून ती उतरली. परतताना आमोसने विचारलं, काही मिळालं का. ती म्हणाली, काही उरलेलं नाही. आमोस म्हणाला, "माहीत आहे." तो इतक्या हळू बोलला की तिने ते ऐकलं न ऐकलंसं केलं.

काम पुढं चालू राहिलं. आमोसला त्या जुन्या वाणाचा चिवटपणा इटलीच्या भरघोस वाणात उतरवायचा होता. बेलाने दोन्हींचा संकर केला. पहिली पिढी छान आली, सगळी झाडं एकसारखी. दुसऱ्या पिढीची ती वाट पाहत होती. वडिलांच्या वाफ्यात कुसळं असलेली आणि नसलेली झाडं दुसऱ्या पिढीत तीनास एक अशी सरळ वाटली जायची. लहानपणी ती मोजायची आणि बरोबर निघाली की टाळ्या पिटायची. इथं तसं काही झालं नाही. शरव आला आणि झाडं करपली ती शेकडो पायऱ्यांनी. एक जरा तगलं, दुसरं त्याहून थोडं कमी, तिसरं आणखी थोडं कमी. कुठंही रेघ मारून इकडची सोसणारी, तिकडची न सोसणारी असं म्हणता येईना. सोसणं एका बीजगुणात नव्हतं. ते अनेक लहान लहान गुणांत विखुरलेलं होतं, आणि संकरात ते पत्ते पिसल्यासारखे वाटले गेले होते. एका झाडाच्या वाट्याला सगळे येत नव्हते.

आमोसने मूळ ओळींतली सगळ्यात सरस ओळ निवडून तीच वाढवून पाहिली. एक वर्ष ती उत्तम आली. पुढच्या वर्षी वारा महिनाभर आधी आला, आणि ती पडली. त्या वर्षी तगली दुसरी, जिच्याकडे कुणी पाहिलंही नव्हतं. बेलाला तेव्हा उमगलं की शहाणपण एका ताटात नव्हतंच. ते अख्ख्या पेंढीत होतं. ज्या हातांनी ती निवडून बांधली त्यांनी लवकर येणारं, उशिरा येणारं, लव असलेलं, काळ्या कुसळांचं, सगळं मुद्दाम एकत्र ठेवलं होतं. काहीही झालं तरी काहीतरी पदरात पडावं म्हणून. तो पुढच्या पेरणीचा गहू होता. खायचा नव्हता.

हे कळलं त्या दिवशी ती ओळीतच बसून रडली.

तिने आमोसकडे एकच मागितलं. एका पट्ट्यात त्या पेंढीचं सगळं मिश्र बी, न निवडता, दरवर्षी पेरायचं. त्याचा प्रयोगाला काही उपयोग नव्हता. आमोस हो म्हणाला. मजूर त्याला बेलाचा पट्टा म्हणू लागले.

पंचावन्न साली उत्तरेकडून मोठ्या नळाने नेगेवच्या वाळवंटी भागात पाणी आलं. सगळीकडे आनंद झाला. रूवेनने ओरनाला खांद्यावर बसवून पाणी दाखवायला नेलं. शेताला नळ आले, आणि वरून विचारणा सुरू झाली की पाणी असताना कोरड्याला सोसणारा गहू कशाला हवा. ओलिताखाली इटलीचा वाण कमरेएवढा वाढला. जुना वाण पाण्याने माजून आडवा पडायचा. आमोसचे वाफे वर्षावर्षाने कमी झाले, त्यांच्या जागी कापूस आणि बीट आले. बेलाचा पट्टा मात्र कोपऱ्यात, नळ पोचत नव्हता तिथं, राहिला. खोकला यायचा. कधी कधी बेलाला वाटायचं तो मोठा होत चालला आहे, आवाज जरा जाडसर झाला आहे. मूल वाढलं असतं तर तसाच झाला असता. हे ती कुणालाच बोलली नाही.

अठ्ठावन्नचा हंगाम पुन्हा कोरडा गेला. नळाचं पाणी आधी भाज्यांना आणि बागांना, गव्हाला राहिलं नाही. शरव आला आणि शेतं पांढरी पडली. कोपऱ्यातला पट्टा तेवढा भरला.

शब्बाथनंतर रविवारी सकाळी ट्रकमधून उतरताना मजुरांनी पाहिलं की बेलाचा पट्टा कापलेला आहे. बाकी कशाला हात लागलेला नव्हता. अवजारांची खोली बंद होती, नळाच्या तोट्या जागच्या जागी होत्या. फक्त तो पट्टा विळ्याने, बुडापासून, ओळीने कापून नेला होता, आणि जमिनीवर एक ओंबीही सांडलेली नव्हती. वाऱ्याने पावलं पुसली होती. मुकादम पोलिसांना कळवायला निघाला.

आमोस आला. तो कापलेल्या बुडख्यांपाशी खाली बसला, त्यांवरून त्याने तळहात फिरवला आणि मुकादमाला म्हणाला की पट्टा आपणच कापायला सांगितला होता, शुक्रवारी, माणसं लावून. मुकादमाने त्याच्याकडे पाहिलं, खांदे उडवले आणि तो कामाला गेला.

बेला तिथंच उभी होती.  ती म्हणाली, "हे दुसरंच कुणी असेल. कुणीही भुकेलं."

"असेल," आमोस म्हणाला. तो उठला नाही. "मी त्या वळणावर का थांबायचो, हे तू कधी विचारलं नाहीस."

"नाही."

"मी आधी गेलो होतो त्या गावात. लढाईत. ते रिकामं झालं त्या दिवशी."  बेलाला वाटलं, आता आणखी काही सांगेल, आणि तिला ते ऐकायची भीती वाटली. पण त्याने हात झटकले आणि तो म्हणाला, "पुढच्या वर्षी पट्टा पूर्वेच्या कुंपणाजवळ घे. तिथं तार सैल आहे."

थोडं बी दरवर्षी शिल्लक ठेवलेलं असायचं. त्या डिसेंबरात दोघांनी मिळून पट्टा पूर्वेच्या तारेलगत पेरला. मजूर कापसाकडे होते, बघायला कुणी नव्हतं. बेला मूठ मूठ टाकत गेली, आमोस मागून माती ओढत आला. काम संपल्यावर ती म्हणाली की पट्टा कापून नेणारं माणूस एकटं आलं असेल की बरोबर कुणी असेल, एवढं तरी कळायला हवं होतं. आमोस म्हणाला, त्यालाही ते कळायला हवं होतं.

वसंतात गहू निसवला आणि भरला. शरव आला नाही त्या वर्षी. खोकलाही आला नाही. बेला दुपारी मुद्दाम तिथं जाऊन पाठ करून बसायची आणि ऐकत राहायची. इतकी वर्षं जे नको होतं, ते येईना तेव्हा तिला धास्ती वाटू लागली. दाणे पिकले, ओंब्या वाकल्या. कापणीचं यंत्र बाकीच्या शेतातून फिरून गेलं, पूर्वेकडे वळलं नाही. कुणी आलं नाही. जूनपर्यंत उभा गहू ठिसूळ झाला आणि वाऱ्याच्या झुळकीसरशी कुंपणाच्या अलीकडे पलीकडे सांडू लागला. मुंग्यांनी तारेखालून रांगा लावल्या.

त्या उन्हाळ्यात रूवेनला उत्तरेकडच्या पेताह तिक्वा गावातल्या गॅरेजात बदली मिळाली. तिथं ओरनाला चांगली शाळा होती आणि बेलाला पिठाची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम मिळणार होतं. निघायच्या दिवशी सामान ट्रकवर चढवून झाल्यावर रूवेन दाराच्या चौकटीवरची मेझुझा, ज्यू घराची खूण असलेली धर्मवचनाची छोटी डबी, उचकटून काढू लागला. बेलाने त्याला थांबवलं. ती म्हणाली, राहू द्या. या घरात पुढं जे कुणी येतील, त्यांना कळू दे की आपण इथं राहत होतो.

मग ती जरा थांबली. तिने वर कडीकडे पाहिलं नाही. ती म्हणाली, "नाही, काढा. जागा दुसऱ्याची आहे. नेऊ या आपण." ती ओरनाचा हात धरून उन्हात बाहेर आली.